शब्दचर्चा : 'हेनोटिकॉन'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : पूर्व रोमन सम्राट झेनोने ख्रिस्ती धर्मातला वाद मिटवण्यासाठी इ.स. ४८२ मध्ये काढलेल्या 'हेनोटिकॉन' या पत्राबद्दल लिहितो आहे. 'तहनामा' लिहिले, पण खटकते. 'समेटपत्र' चालेल का?

प्रतिसाद १ : तहनामा नकोच. तहाला दोन पक्ष लागतात, समेटालाही. इथे धर्मपरिषद भरलीच नाही. पत्र निघाले सम्राटाच्या नावाने, इजिप्त आणि लिबियातल्या बिशपांना, मठवासीयांना नि भाविकांना उद्देशून. मसुद्यामागे कॉन्स्टॅन्टिनोपलचा पॅट्रिआर्क (मुख्य धर्मप्रमुख) अकाकियस होता, असे मानतात. वरून आलेला हुकूम म्हणून 'फर्मान' हवेच. मी 'एकोप्याचे फर्मान' म्हणेन. एकोपा म्हणजे मते जुळली नाहीत तरी एकत्र नांदणे, आणि झेनोला नेमके तेच साधायचे होते. ४५१ च्या कॅल्सिडॉन परिषदेने ख्रिस्ताच्या ठायी ईश्वरी आणि मानवी असे दोन स्वभाव मानले. इजिप्तमध्ये बहुतेकांना ते अमान्य होते. झेनोच्या पत्रात, दोन स्वभाव फार वेगळे केल्याचा ठपका असलेला नेस्टोरियस आणि ते एकातच विरघळवणारा युटिकीस, दोघांचाही धिक्कार आहे. स्वभाव एक की दोन, हे मात्र कुठेच नाही. ज्या शब्दावरून भांडण, तोच गाळला!

प्रतिसाद २ : फर्मान पटले, एकोपा नाही. 'हेनोटिकॉन' हे 'हेन' म्हणजे 'एक' यावरून आलेले विशेषण आहे, अर्थ 'एक करणारे'. त्याच कुळातला 'हेनोसिस' हा शब्द ख्रिस्तातील दोन स्वभावांच्या ऐक्यासाठी या वादात सतत येतो. मराठीतही दोन्हीकडे 'ऐक्य' ठेवले तर ते नाते दिसेल. एकोपा भावाभावांत असतो, इथे तो पुसट पडतो.

प्रतिसाद १ : हेनोसिस माझ्या लक्षातच आले नव्हते. एकोपा मागे घेतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. 'अकेफलोई'चे काय? इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा पॅट्रिआर्क पेत्रस मोंगस याने हे पत्र स्वीकारले म्हणून त्याच्यापासून फुटलेले लोक.

प्रतिसाद २ : शब्दशः 'बिनशिराचे', म्हणजे ज्यांना प्रमुख उरला नाही असे. 'निर्नायक' लिहा. 'बिनडोक' अजिबात नको, मराठीत ती शिवी होते. कॅल्सिडॉनचा स्पष्ट धिक्कार हवा म्हणून त्यांनी आपलाच धर्मप्रमुख सोडला होता, हे विसरू नये.

प्रश्नकर्ता : मग असे लिहितो : 'ऐक्याच्या फर्मानाने इजिप्तमध्ये निर्नायक पंथ निघाला, आणि ४८४ मध्ये पोप तिसऱ्या फेलिक्सने अकाकियसला बहिष्कृत केल्यावर रोम आणि कॉन्स्टॅन्टिनोपल ५१९ पर्यंत, म्हणजे ३५ वर्षे, तुटलेले राहिले.'

प्रतिसाद १ : 'फर्मानाने' ऐवजी 'फर्मानानंतर' करा. कॅल्सिडॉनवरून फूट आधीपासूनच होती.