मिशनरी अपूर्ण असेल तर चालतं का, आणि चालतं तर नक्की कोणाचं?

मातीचं_भांडं:
मी प्रोटेस्टंट पाळक आहे, काही वर्षं परदेशात मिशनचं काम केलंय. विषय बराच काळ डोक्यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, पटलं नाही तर खुशाल भांडा.

आपण परदेशी जाणाऱ्या मिशनऱ्याला वीर करून पाठवतो. स्टेजवर उभं करायचं, हात ठेवून प्रार्थना करायची, आणि मग बिचाऱ्याला पुढची सगळी वर्षं वीर असल्यासारखंच वागत राहावं लागतं. पाठिंबा देणाऱ्यांना जी पत्रं जातात ती वाचा एकदा. किती बाप्तिस्मे झाले, किती प्रार्थनागट उघडले, हसऱ्या मुलांचा एक फोटो. नवराबायकोत बोलणं बंद आहे, भाषा अजून धड येत नाही, सकाळी प्रार्थनेला बसलं की आतून काहीच हलत नाही, हे कोणी लिहीत नाही कारण लिहिलं तर पुढच्या वर्षी पैसे येतील का याचा भरवसा नसतो.

आणि ज्यांची नावं घेऊन आपण तरुणांना पेटवतो ते लोक तसे नव्हतेच की! अडोनायरम जडसन हा अमेरिकन मिशनरी १८१३ ला बर्मात रंगूनला पोचला, पहिला माणूस विश्वासात यायला १८१९ उजाडलं. पुढं तुरुंगवास, १८२६ ला बायको ॲन गेली, मागोमाग दोन वर्षांची मुलगी गेली, आणि हा माणूस जंगलात झोपडी बांधून एकटा राहिला, स्वतःची कबर खणून तिच्या काठावर बसायचा. देवावर विश्वास आहे पण तो सापडत नाही, अशा अर्थाचं त्यानं लिहिलंय. त्याच माणसानं बर्मी बायबल १८३४ ला पुरं केलं. प्रवचनात आपण १८३४ सांगतो आणि कबर गाळतो.

बायबलमधल्या प्रेषित पौलानं सुद्धा शरीरातला काटा, म्हणजे कसलातरी त्रास, काढ म्हणून तीनदा विनवलं, तो निघाला नाही, काम चालूच राहिलं. म्हणून मला वाटतं ज्याला स्वतःच्या शंका मंडळीसमोर, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांसमोर, उघड बोलता येत नाहीत त्यालाच पाठवू नये. बाकी अपूर्ण तर सगळेच आहोत.

उलटतपासणी:
पाळकसाहेब, प्रामाणिक लिहिलंय, पण मी नास्तिक माणूस, मला यात एक पळवाट दिसते. तुमच्या गोष्टीत अपूर्णता नेहमी मिशनऱ्याच्या आतली असते, त्याची शंका त्याचं दुःख त्याचा काटा. भोगणारा दुसराच कोणी असला तर?

विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी घ्या. १७९३ ला बंगालला जायचं ठरवलं तेव्हा बायको डोरथी गरोदर, ती सरळ नाही म्हणाली. हा थोरल्या मुलाला घेऊन निघालासुद्धा! जहाज रखडलं म्हणून परत येऊन पुन्हा गळ घातली, शेवटी बहीण सोबत येणार या अटीवर ती तयार झाली. १७९४ ला पाच वर्षांचा पीटर गेला आणि त्यानंतर डोरथीचं मन जे ढासळलं ते १८०७ ला मरेपर्यंत सावरलं नाही. केरीची बायबलची भाषांतरं शेजारी चालूच. आता हे 'मातीचं भांडं' म्हणून सोडून द्यायचं का? फुटलं ते भांडं डोरथीचं होतं.

रात्रपाळी:
+१ शेवटच्या वाक्याला.

जुनाकरार:
मी विश्वासी आहे आणि तरी धागाकर्त्याशी पूर्ण असहमत, आणि वाईट याचं वाटतंय की शास्त्र नास्तिकाच्या बाजूनं पडतंय. बायबलमधलं पौलाचं १ तीमथ्य हे पत्र, अध्याय ३ काढा. अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा पुढारी, निर्दोष असावा, आणि ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार असं पौल स्पष्ट विचारतो. अपूर्णतेचं कौतुक आजकाल फॅशन झालीये. पाळक माईकवर येऊन मी किती तुटलेला आहे सांगतो, लोक रडतात, टाळ्या वाजवतात, आणि त्याला प्रश्न विचारायची सोयच उरत नाही, कारण त्यानं आधीच सगळं 'कबूल' केलेलं असतं.

आणि पौलाचंच सांगायचं तर त्यानं मार्क या सोबत्याला सुवार्तेच्या दुसऱ्या फेरीवर घेतलं नाही. कारण तो पंफुल्यातून मध्येच सोडून गेला होता. बर्णबासारख्या जिवलग सोबत्याशी फाटलं तरी चालेल पण हा नको, म्हणजे निवड कडक होती बघा.

मातीचं_भांडं:
जुनाकरार, मार्कची गोष्ट अर्धीच सांगितलीत. २ तीमथ्यात तोच पौल शेवटी म्हणतो मार्कला घेऊन ये, तो माझ्या कामाचा आहे.

उलटतपासणी, डोरथीबद्दल माझ्याकडे बचाव नाही. पण माणूस चुकला म्हणून काम खोटं ठरतं का हा वाद चर्चनं चौथ्या-पाचव्या शतकातच घालून झालाय. उत्तर आफ्रिकेतले डोनाटिस्ट म्हणायचे की छळाच्या काळात ज्या बिशपांनी शास्त्राच्या प्रती सरकारच्या हवाली केल्या त्यांच्या हातचे बाप्तिस्म्यासारखे संस्कार बाद. बिशप ऑगस्टीननं उत्तर दिलं की संस्कार ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याच्या लायकीवर तो टिकत नाही. बायबलमधला योना बघा ना, देवानं त्याला निनवे शहराला इशारा द्यायला पाठवलं, निनवेनं पश्चात्ताप केला तर हा चिडून बसला. संदेष्टा असा, तरी शहर वाचलं.

उलटतपासणी:
ऑगस्टीनच्या उत्तरानं बाप्तिस्मा घेणारा वाचतो, देणाऱ्याचा हिशेब तसाच राहतो. तुम्ही दोन्ही एकात घालताय. आणि शहर वाचलं हे योनाच्या वागण्याचं सर्टिफिकेट कसं काय होतं?

शिवाय प्रत्येक वेळी शहर वाचतंच असं पण नाही. २०१८ मध्ये तो तरुण अमेरिकन मिशनरी अंदमानातल्या उत्तर सेंटिनल बेटावर गेला, कायद्यानं बंदी असताना, त्या लोकांनी आधीच बाण मारून नको म्हणून सांगितलं असताना. तो मारला गेला याचं दुःख आहेच. पण बाहेरच्या साध्या रोगांना तोंड द्यायची ताकद तिथल्या लोकांच्या शरीरात बहुधा नाही, म्हणजे त्याच्या श्रद्धेची जोखीम न विचारता त्यांच्या अंगावर टाकली गेली. तो शंका मंडळीसमोर बोलला असता तरी फरक काय पडला असता?

निळी_शाई:
इतका वेळ नुसतं वाचत होते. तुम्ही सगळेच मिशनऱ्याच्या अपूर्णतेवर बोलताय, मला दुसराच प्रश्न पडलाय, ही सवलत मिळते कोणाला?

सेचेले म्हणून आताच्या बोत्स्वानातला क्वेना लोकांचा राजा होता. डेव्हिड लिव्हिंगस्टन या मिशनऱ्यानं १८४८ ला त्याला बाप्तिस्मा दिला, त्यासाठी त्यानं पाचपैकी चार बायका सोडल्या. काही महिन्यांत सोडलेल्यातलीच एक त्याच्यापासून गरोदर राहिली. लिव्हिंगस्टननं सेचेलेला प्रभुभोजनातून (भाकर आणि द्राक्षारसाच्या पवित्र विधीतून) बाहेर काढलं आणि पुढं स्वतः उत्तरेकडं निघून गेला. १८५२ ला त्यानं बायको मेरी आणि मुलांना ब्रिटनला धाडून दिलं, ती तिथं नीट घर नाही पैसा नाही अशी चार वर्षं काढत होती. लिव्हिंगस्टनला कोणी प्रभुभोजनातून काढलं नाही! आणि गंमत ही की सेचेले मागं राहून शिकवत राहिला, प्रार्थना चालवत राहिला, आसपासच्या लोकांपर्यंत सुवार्ता त्यानंच पोचवली.

याहून वाईट सॅम्युएल क्राउदरचं. लहानपणी गुलाम म्हणून पकडलेला, १८२२ ला सुटला, १८६४ ला अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकन बिशप झाला, नायजरच्या काठानं मिशन उभं केलं. १८९० च्या सुमाराला कोवळे युरोपियन मिशनरी येऊन त्याच्या आफ्रिकन सहकाऱ्यांच्या चारित्र्याच्या फायली काढायला लागले, आणि म्हाताऱ्याला बाजूला केलं. १८९१ ला तो गेला, जागेवर युरोपियन बिशप. म्हणजे पाठवणाऱ्यांचा माणूस घसरला की कृपा, ज्यांच्याकडं पाठवला त्यांच्यातला घसरला की शिस्त. फूटपट्टी एकच आहे, पण ती एकाच बाजूला लावली जाते.

१९१० ला एडिंबराच्या मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझराया या भारतीय पाळकांनी हेच तोंडावर सांगितलं, तुम्ही सगळं दिलंत, आता मित्र द्या. मित्राची चूक आपण दाखवू शकतो आणि तो आपली दाखवू शकतो. हिरोला कोण दाखवणार?

रात्रपाळी:
जुनाकरार यांनी तीमथ्य आता लिव्हिंगस्टनला लावून दाखवावं.

जुनाकरार:
लावतोच, कशाला घाबरायचं. मेरीचं वाचून तो नापास. केरीपण नापास. माझं म्हणणं पहिल्यापासून तेच आहे, नियम सगळ्यांना सारखा कडक. निळी_शाई ताईंचा मुद्दा नियम सैल करा असा नाहीये, एकसारखा करा असा आहे, तो मला मान्य.

मातीचं_भांडं:
ताई, क्राउदरचं वाचून थांबलो जरा. मी म्हणत होतो मिशनऱ्यानं पाठवणाऱ्या मंडळीसमोर उघडं व्हावं. तुमचं ऐकून वाटतंय ती मंडळीच चुकीची, ती हजारो मैल लांब आहे, तिला फोटोपलीकडं काही दिसत नाही. ज्यांच्यात राहतो त्यांच्यासमोर उघडं व्हायला हवं. मग एक साधी गोष्ट सुचते, परदेशातून जो वार्षिक रिपोर्ट जातो तो आधी तिथल्या स्थानिक मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांनी, वाचावा, खोटं असेल ते खोडावं, गाळलेलं असेल ते घालावं, त्यांच्या सहीशिवाय तो जाऊच नये.

उलटतपासणी:
कल्पना बरी. पण त्या वडिलांचे पगार, शाळेचं छप्पर, दवाखान्यातली औषधं त्याच रिपोर्टवर येत असतील तर खोडणार कोण? मिशनरी खोटं लिहितो तेव्हा ते त्यांच्याही फायद्याचं असतं.

निळी_शाई:
याच्यावर विचार झालेला आहे हो. हेन्री व्हेन आणि रुफस अँडरसन हे मिशन संस्था चालवणारे दोघं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच सांगत होते की मंडळी स्वतःच्या पैशावर चालावी, स्वतःचा कारभार स्वतः करावा, सुवार्ता स्वतः पसरवावी, आणि मिशननं स्वतःची गरज संपवून निघून जावं. क्राउदर बिशप झाला तो याच व्हेनच्या आग्रहामुळं, व्हेन चर्च मिशनरी सोसायटीचा सेक्रेटरी होता. १८७३ ला व्हेन वारला. नंतर काय झालं ते वर लिहिलंच आहे.

उलटतपासणी:
म्हणजे चांगला सेक्रेटरी होता तोवर क्राउदर बिशप. मग तुमची ती सहीची कल्पना कुठल्या पाळकाच्या मर्जीवर नको, संस्थेच्या घटनेत घाला, आणि स्थानिक मंडळीला मिशनरी परत पाठवायचा हक्क पण द्या. तोवर मी विरोधातच.

मातीचं_भांडं:
परत पाठवायचा हक्क... अवघड आहे, पाठवणारी बोर्डं सहज मान्य करणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला पण तो पचायला जड जातोय, एका बैठकीत कोणाचं तरी बिनसलं म्हणून कुटुंब बॅगा भरून परत? अपिलाची काहीतरी सोय लागेल. जुनाकरार, तुम्ही नियमवाले, मसुदा करता का?

जुनाकरार:
करतो. पण निर्दोष हा शब्द मी काढणार नाही.