बी विंग, चौथा मजला: पहाटेचा आवाज

रविवार सकाळ

बी-४०२: नमस्कार. आठवडाभर लिहू की नको असं चाललं होतं. आमच्या वरच्या घरात पहाटे पाचच्या सुमारास कुणीतरी कडक तळाच्या चपला घालून चालतं. हॉल, स्वयंपाकघर, बाथरूम आणि परत हॉल. ठक ठक ठक, मग जरा थांबून पुन्हा. हिला मुळात झोप उशिरा लागते आणि पाचला मोडली की मोडलीच. रिडेव्हलपमेंटच्या आधी जुन्या बिल्डिंगमध्ये घरात चपला घालून कुणी फिरत नव्हतं. राग नसावा, पण काहीतरी बघा.

ए-२०१: खरं आहे. घरात वहाणा म्हटलं की मला अजून कसंतरी होतं. आमच्या सासूबाई उंबऱ्याच्या आत चप्पल आली तर तेवढी जागा पुसून घ्यायच्या.

ए-९०२: आजी, मला मात्र आता घरात चप्पल लागते. घरून काम सुरू झाल्यापासून दिवसभर अनवाणीच असायचो. सहा महिन्यांपूर्वी टाच धरली. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. चार पावलं चाललं की कमी.

बी-४०२: घाला की. फक्त आवाज न करणारी घाला.

बी-५०२: काका, ते आमचे अण्णा, माझे सासरे. तुम्हाला आणि काकूंना त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागते. तुम्ही वर येऊन सांगितलं असतंत तरी चाललं असतं, पण बरं झालं इथे लिहिलंत, कारण मला हे सगळ्यांनाच सांगायचं आहे.

अण्णांना साखरेचा त्रास बावीस वर्षांचा. ते जन्मभर घरात अनवाणी राहिले. गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी हॉलच्या लादीवर मला तांबूस ठिपके दिसले. लक्ष्मीपूजनाला मी दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढली होती. वाटलं, त्याचंच कुंकू कुणाच्या तरी पायाला लागून पसरलं. ओल्या फडक्याने पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठिपके, तेही एका रांगेत, एकाच पायाचे. तेव्हा अण्णांना खुर्चीत बसवून पाय उलटा करून पाहिला. अंगठ्याच्या खालच्या गादीत आकाशकंदिलाच्या तारेचा पाऊण इंचाचा तुकडा रुतलेला होता, भोवती कातडी पांढरी पडलेली. कंदील लावून चार दिवस झाले होते. चार दिवस ते त्या तारेवर उभे राहून पूजा करत होते, चहा करत होते, आणि त्यांना काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं.

डॉक्टरांनी एक नायलॉनचा दोरा दाखवला. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो असा. अण्णांना डोळे मिटायला लावले आणि तळव्याला जागोजागी तो दोरा टेकवला. 'लागलं की हो म्हणा.' अण्णा शांत बसून होते. मी दोरा वाकताना बघत होते आणि ते विचारत होते, 'सुरू केलं का?'

सात आठवडे ड्रेसिंग चाललं. बोट वाचलं. त्या दिवसापासून पलंगावरून पाय खाली ठेवायच्या आधी चप्पल, ही आमच्या घरची शिस्त आहे. ती मी मोडू देणार नाही. आवाजाचं काय करता येईल ते मात्र नक्की बघते.

बी-४०२: अरे देवा. मला हे काहीच माहीत नव्हतं. अण्णांना चप्पल घालू द्या. हिलाही मी वाचून दाखवलं.

सी-१०४: बी-५०२ ताई, हे लिहिलंत फार चांगलं केलंत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण पाय उलटा करून पाहणं हे कुठल्याही उपचाराच्या आधीचं काम आहे आणि ते घरातच होतं. मधुमेही पायांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय: ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे त्यांनी अनवाणी, नुसत्या मोज्यांवर किंवा पातळ तळाच्या स्लिपरवर चालू नये, बाहेरही नाही आणि घरातही नाही. लोक 'बाहेर' एवढंच लक्षात ठेवतात. मधुमेह्याचा जास्त वेळ घरातच जातो.

ए-९०२: ताई, माझ्या टाचेचं?

सी-१०४: सकाळच्या पहिल्या पावलाला दुखणं आणि चालल्यावर कमी होणं, हे बहुतेक वेळा तळपायाच्या जाड पट्ट्याचं दुखणं असतं, म्हणजे प्लांटर फॅसायटिस. मऊ तळाची, टाच किंचित उचललेली चप्पल घाला, पोटरीचे ताण द्या, पलंगावरून उतरायच्या आधी पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढून धरा. बर्फाच्या बाटलीवर तळवा फिरवला तरी बरं वाटतं. बहुतेकांना वर्षभरात आराम पडतो, घाई करू नका. आणि बर्फाची बाटली अण्णांसारख्यांनी अजिबात नाही. ज्या पायाला गार-गरम कळत नाही त्याला बर्फही नको आणि गरम पाण्याची पिशवीही नको.

ए-२०१: माझा एक प्रश्न आहे, बी-५०२. रागावू नकोस हो. देवघरात काय करता? मलाही साखर आहे.

बी-५०२: आजी, रागवेन कशाला. अण्णांनीही पहिल्या दिवशी तेच विचारलं होतं. त्यांची घरातली चप्पल वेगळी आहे, ती उंबऱ्याबाहेर कधी जात नाही. देवघराच्या दाराशी खुर्ची ठेवली आहे. तिथे बसून चप्पल काढायची, समोर चौघडी सतरंजी, तिच्यावर उभं राहायचं. ती सतरंजी मी रोज उचलून झटकते आणि खालच्या लादीवरून हात फिरवते. नुसत्या झाडूने नाही, हाताने. तार झाडूला लागली नव्हती, म्हणून.

ए-२०१: हे मला जमेल.

सी-१०४: आजी, सोवळ्यात वावडं चामड्याचं होतं. लाकडाच्या खडावा घालून माणसं घरातून फिरतच होती. आणि आषाढीला आपण माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुकाच तर पालखीत ठेवतो. घरातल्या रबरी चपलेने देव रागावणार नाही.

ए-२०१: उद्या नातवाला घेऊन जाते बाजारात. कुठली घ्यायची ते नीट सांग. मी आपली साधी हवाई चप्पल आणणार होते.

सी-१०४: अंगठ्याची चप्पल नको. तिचा पट्टा अंगठ्याच्या बेचक्यात घासतो, ती पायात टिकवायला बोटं सतत आवळून धरावी लागतात, आणि संवेदना गेलेल्या पायातून ती कधी निसटली ते कळतही नाही. पुढे रुंद, मागे पट्टा असलेली, पट्टा वेल्क्रोचा असेल तर पाय सुजला तरी सैल करता येतो. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय दिवसभराने थोडे फुगलेले असतात. दुकानदाराला 'एम.सी.आर.' म्हणा, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. दाबलं की दबतं आणि लगेच वर येतं. अंगठ्याने दाबून बघा, तळापर्यंत पूर्ण दबून चपटं झालं तर ते नको.

या रबराची गोष्ट मला शिकताना ऐकायला मिळाली. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने झडतात असं तेव्हा सगळे मानायचे. ती न जाणवलेल्या जखमांनी आणि भाजण्याने जातात, हे त्यांनी दाखवून दिलं. बधिर पायांसाठी अशा मऊ रबराच्या चपला तिथल्या कामातून पुढे आल्या. अण्णांच्या पायातली चप्पल त्याच कामाची आहे.

ए-३०३: जांभळी नाक्याला मिळतात. मी आईसाठी तिथूनच आणल्या होत्या. लिहून न्या, नाहीतर दुकानदार गुळगुळीत फोमच्या दाखवतात.

सी-६०३: बाथरूमच्या चपलांबद्दल मला बोलायचं आहे. या नव्या व्हिट्रिफाईड लाद्या पाणी शोषतच नाहीत, अर्धा टक्कासुद्धा नाही. पडलेलं पाणी वरच राहतं आणि चकचकीत लादीवर दिसतही नाही. माझी आई मार्चमध्ये बेसिनपाशी घसरली. मनगटावर निभावलं. तिची रबरी चप्पल उलटी करून पाहिली तर टाचेखालची नक्षी पूर्ण झिजून आरशासारखी झाली होती. चार वर्षं तीच चप्पल. आज सगळ्यांनी आपापल्या बाथरूममधली जोडी उलटी करून बघा, एवढीच विनंती.

बी-४०२: आत्ता पाहिली. आमचीही गुळगुळीत आहे.

ए-५०४: इस्त्री आणि वॉशिंग मशीनपाशीही कोरडी रबरी चप्पल असावी. पण ओली चप्पल काही कामाची नाही आणि चपलेच्या भरवशावरही राहू नका. पॅनेलमधला ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी., म्हणजे शॉक बसायची वेळ आली तर वीज तोडणारा स्विच, महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून बघा. ट्रिप झाला पाहिजे.

सी-६०३: आणखी एक. आपल्या घरी लादी पुसायला येणाऱ्या मावशी पाच-सहा घरं ओल्या लादीवर अनवाणी करतात. पावसाळ्यात त्यांच्या बोटांच्या बेचक्या बघा, चिखल्यांनी सोललेल्या असतात. आम्ही त्यांच्यासाठी एक जोडी आमच्याकडेच ठेवली आहे. आधी त्या घालायला संकोचल्या, 'तुमच्या घरात चप्पल कशी घालू' म्हणाल्या. आईने स्वतः पुढे ठेवली तेव्हा घातली.

बी-५०२: हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. उद्याच आणते.

ए-२०१: मावशींचं माप विचारून घे हो. आपल्या अंदाजाने आणलेली त्या बोलणार नाहीत आणि घालणारही नाहीत.

सेक्रेटरी: चर्चा चांगली आहे, एक सांगतो. नव्या जोड्या घरातच ठेवा. जिन्यासमोरच्या पॅसेजमधले शू-रॅक २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याच्या दृष्टीने अडथळा धरले जातात. धुरात माणूस अंधारात चालतो, तिथे पायाखाली रॅक नको. सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर कृपया आजच हलवा.

बी-४०२: बी-५०२, एक सुचवू? स्टेशनजवळ जिन्याखाली बसणारे मोची आहेत, त्यांच्याकडे रबराची शीट असते. अण्णांच्या चपलेच्या तळाला एक मऊ थर चिकटवून मिळेल. गालिचा मात्र टाकू नका, त्याच्या कडेला पाय अडकून म्हातारी माणसं पडतात.

सी-१०४: काका, अगदी बरोबर. फक्त थर सगळीकडे सारख्या जाडीचा लावा आणि बाहेरच्या बाजूला नक्षी हवी. आतल्या गादीला हात लावू देऊ नका. चिकटवलेल्या कडा बोटाने तपासून घ्या, टोक वर आलं तर पाय अडखळेल.

बी-५०२: मोच्यांकडे मी स्वतः घेऊन जाते. अण्णांना सांगितलं, ते म्हणाले खालच्यांना आधी जाऊन भेटून येऊ. संध्याकाळी येतो आम्ही.

बी-४०२: या. चहा बिनसाखरेचा ठेवतो.

गुरुवार सकाळ

बी-४०२: बी-५०२, आज पहाटे वरून काहीच आवाज आला नाही. पाचला जाग आली, साडेपाच झाले तरी शांत. ही म्हणाली फोन कर. अण्णा बरे आहेत ना?

बी-५०२: बरे आहेत काका. पाचलाच उठले, चहा केला, देवघरात बसले आहेत. काल रात्री चप्पल मोच्यांकडून आली. मीही सकाळी उठून आधी वाकून त्यांच्या पायात आहे ना ते बघितलं, कारण मलाही ऐकू आलं नाही.

बी-४०२: मग ठीक. हिला सांगतो.

ए-२०१: माझी जोडी आली. मागे पट्टा आहे. काल रात्री नातवाने आरसा धरून तळवे दाखवले, उजव्या टाचेला भेग आहे, मला ठाऊकच नव्हतं. सी-१०४, आज दुपारी वेळ आहे का तुला?

सी-१०४: तीन वाजता येते आजी. तोवर भेगेला ब्लेड लावू नका, काही कापू नका, आणि चप्पल काढू नका.