लांबच्या विमानप्रवासाचे तास: तुमचेही अनुभव लिहा

लेक काल रात्री एकटीच सिंगापूरहून न्यूयॉर्कला निघाली. साधारण १५,३०० किमी, साडेअठरा तास, मध्ये थांबा नाही. मोबाइलवर विमानाचा ठिपका बघत बसले आणि बाबा आठवले. मी पहिल्यांदा न्यूयॉर्कहून टोकियोला गेले तेव्हा त्यांनी नकाशावर पट्टी ठेवून वाट आखली होती, सरळ पॅसिफिकवरून. पोचल्यावर मी म्हटलं अलास्कावरून आलो, तर घाबरलेच, विमान भरकटलं का म्हणून. मग पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघितला. ताणला की आपोआप अलास्काकडे सरकतो! तो दोरा मी जपून ठेवलाय.

रानजाई: आई दवाखान्यात होती, लंडनहून न्यूयॉर्कला धावले. आठ तास. येताना पावणेसात. वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, जाताना तोच समोरून येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तर एक विमान न्यूयॉर्क ते लंडन ५ तासांच्या आत पोचलं. आईकडे जाताना मला त्या वाऱ्याचा फार राग आला होता.

समईवात: आई बऱ्या झाल्या ना गं?

रानजाई: हो, पुढे नऊ वर्षं होती 🙏

भटका_४२: माझा वाढदिवस हरवलाय. लॉस एंजेलिसहून १२ तारखेला रात्री निघालो, पंधरा तासांनी सिडनीत उतरलो तर १४ ची सकाळ. वाररेषा, म्हणजे पॅसिफिकमधली तारीख बदलायची रेषा, ओलांडली ना. शेजारच्या आजोबांना सांगितलं, त्यांनी अंधारातच हात हातात घेऊन शुभेच्छा दिल्या.

समईवात: किती गोड! पायांना सूज येते का कुणाला? मी दर दोन तासांनी उठून चालते, घट्ट मोजे घालते.

रानजाई: येते. मोज्यांनी खूप फरक पडतो.

उत्तरवाट: हेलसिंकी–टोकियो पूर्वी साडेनऊ तास. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि तेच तेरा तासांवर गेलं. विमानतळ तेच, अंतर तेच, वाट लांबली. मुलगा तिकडे आहे, मला ते साडेतीन तास दरवेळी जाणवतात.

भटका_४२: अजून एक. विमानाचा वेग ताशी ९०० किमी धरून नुसतं अंतर भागिले ९०० करून वेळ काढू नका. तिकिटावरचा वेळ दारापासून दारापर्यंतचा असतो, धावपट्टीकडे जाणं-येणं धरून. आणि दोन्हीकडची घड्याळं स्थानिक. माझ्या भावाने उतरायच्या वेळेतून निघायची वेळ वजा केली आणि मला घ्यायला भलत्याच वेळी येऊन थांबला बिचारा.

समईवात: ताई, लेक पोचली का?

(धागाकर्ती): उतरली आत्ताच! ठरल्यापेक्षा वीस मिनिटं आधी. फोनवर पहिलं वाक्य, "आई, आजोबांचा दोरा कुठून गेला असता गं?" गोल काढून बसलेय.