पंपाचं सील सारखं जातंय, बॉडीच्या डिझाइनचा संबंध असतो का?

खाडीकाठ_देवगड:
नमस्कार मंडळी. खाडीला लागून आमचे कोळंबीचे तलाव आहेत, भरतीचं पाणी आत घ्यायला १० एचपीचा मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकाच शाफ्टवर) बसवलाय. चढ म्हणाल तर पाइपातला लॉस धरूनसुद्धा ६-७ मीटरच. डिलिव्हरीचा वाल पूर्ण उघडला की अँपिअर चढतात आणि स्टार्टर ट्रिप होतो, म्हणून मेकॅनिकने वाल बराचसा आवळून ठेवायला सांगितलं. तसा चालतो पण सील (शाफ्टपाशी पाणी गळू न देणारं) टिकत नाही आणि त्यामागोमाग बेअरिंग ओरडायला लागतं. आता एकजण म्हणतोय की बॉडी सिंगल व्होल्युट आहे, डबल व्होल्युटवाला घे. हे काय प्रकरण आहे?

जुना_फिटर:
प्लेटवर हेड, म्हणजे पंप किती मीटर चढासाठी बनवलाय, ते किती लिहिलंय ते आधी बघा.
साध्या, म्हणजे सिंगल व्होल्युट बॉडीत पाण्याची वाट शंखासारखी असते, कटवॉटरच्या जिभेपासून (डिलिव्हरीच्या तोंडाशी इम्पेलरजवळ येणारी धार) डिलिव्हरीकडे रुंद होत जाते, आणि ती रुंदी एका ठराविक डिस्चार्जला धरून काढलेली असते. तेवढं पाणी जातंय तोवर इम्पेलरभोवती (आतल्या फिरत्या चाकाभोवती) दाब साधारण सारखा. वाल फार आवळला की पाणी कमी पण वाट तेवढीच रुंद, मग एका बाजूला दाब जास्त, समोर कमी, आणि इम्पेलर सतत एकाच अंगाला रेटला जातो. मोनोब्लॉकमध्ये तो मोटारीच्या शाफ्टच्या टोकालाच लटकलेला, त्यामुळे शाफ्ट थोडासा वाकतो आणि मार थेट सीलवर आणि पुढच्या बेअरिंगवर. आणि हो, ठरल्यापेक्षा खूप जास्त पाणी काढलं तरी हेच होतं, फक्त रेटा उलट्या बाजूने.

प्लांटवाला_लोटे:
डबल व्होल्युटमध्ये आत आणखी एक भिंत असते, म्हणजे समोरासमोर दोन वाटा, १८० अंशांवर. दोन्हीकडचा रेटा बराचसा एकमेकाला मारतो म्हणून शाफ्ट सरळ राहतो. पण हे मोठ्या पंपांचं काम. छोट्या बॉडीत ती भिंत ओतणं कटकटीचं, आतली जागा अरुंद होते आणि खाडीचं शेवाळ, प्लास्टिक तिथेच अडकणार. डिफ्युझरवाल्या (इम्पेलरभोवती स्थिर पाती असलेल्या) बॉडीतही रेटा कमी असतो, बोअरच्या मल्टिस्टेज पंपात तेच वापरतात, पण कचरा तिलाही चालत नाही.

मालवणी_माणूस:
ह्यां सगळां खरां, पण कुडाळाक दुकानात जावन १० एचपीत डबल व्होल्युट मागलंस तर दुकानदार तोंडाकडे बघीत रवतलो!

प्लांटवाला_लोटे:
😄 अगदी. आमच्याकडे मोठे पंप स्प्लिट केसिंगचे, सक्शन डिलिव्हरी दोन्ही खालच्या अर्ध्या बॉडीला, वरचं झाकण उचललं की पाइप न सोडता रोटर बाहेर. दुरुस्तीला स्वर्ग, पण तलावाला परवडायचा नाही.

खाडीकाठ_देवगड:
प्लेट बघितली, हेड २४ मीटर आहे.

जुना_फिटर:
मग झालंच. २४ मीटरचा पंप ७ मीटरवर सोडला तर तो भरमसाट पाणी फेकणार आणि मोटारीवर लोड येणार, म्हणून ट्रिप. वाल आवळून तुम्ही ते हेड खोटं तयार करताय, विजेचं बिल भरून. इम्पेलर कातून घ्या असं कोणी सांगेल, पण हेड व्यासाच्या वर्गाने कमी होतं, २४ चं ७ करायचं तर व्यास जवळजवळ निम्म्यावर येईल, एवढं कातलं तर कटवॉटरपाशी केवढी फट पडेल. तुम्हाला कमी हेड जास्त पाण्याचा मिक्स्ड फ्लो पंप हवा. हेड काढताना भांगाची (अष्टमीच्या सुमाराची छोटी) भरती धरा, उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेची मोठी) नको, कारण भांगाला पाणी तेवढं वर येत नाही.

वाडी_गुहागर:
आणि बॉडी कशाची आहे ते बघा. बिडाची असेल तर खाऱ्या पाण्यात लोखंड निघून जातं आणि ग्राफाइट तसंच राहतं, वरून धडधाकट दिसते पण चाकूने खरवडली जाते. साधं ३०४ स्टीलसुद्धा खाऱ्या पाण्यात खड्डे पडून जातं. ३१६ किंवा ब्राँझ बघा, आणि पंप बरेच दिवस बंद राहणार असेल तर खारं पाणी काढून गोड्या पाण्याने धुऊन ठेवा.

खाडीकाठ_देवगड:
धन्यवाद सगळ्यांना. मिक्स्ड फ्लोला फूटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या टोकाचा, पाणी परत जाऊ न देणारा वाल) लागेल ना?

जुना_फिटर:
पंप पाण्याच्या वर बसवणार असाल तर प्रायमिंगची (सुरू करण्याआधी पंपात पाणी भरण्याची) सोय हवीच. पाण्यात बुडणारा घेतलात तर फूटव्हॉल्व्हची कटकट नाही, मात्र ओहोटीला उघडा पडणार नाही एवढा खाली बसवा.