घर सोडून आलेला मुलगा कुठलीच मदत घेत नाहीये, काय करू?

सावली_भोसरी:
नमस्कार. थोडं लांबलंय पण प्लीज पूर्ण वाचा.

माझ्या माहेरचा, भावकीतला मुलगा आहे, वय २३. गाव आष्टी तालुक्यात, बीड जिल्हा. बारावीनंतर भरतीच करत होता, पोलीस भरती, अकॅडमीत राहून. पहिल्या वेळी लेखीत कटऑफला थोडक्यात राहिला, दुसऱ्या वेळी ग्राउंडलाच १६०० मीटरला नडगी भरून आली आणि टायमिंग गेलं. अकॅडमीची फी, मेस, बूट सगळं वडलांनी म्हैस विकून आणि ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन भरलेलं. रिझल्टनंतर घरात भांडण वगैरे काही झालं नाही म्हणे, वडील फक्त म्हणाले की यंदा तू पण उसाला चल, आणि हा दुसऱ्या दिवशी पहाटे मोबाइल उशाशी ठेवून निघून गेला.

आमच्या ह्यांना तो चाकणला मजूर अड्ड्यावर दिसला, ओळखूच आला नाही आधी एवढा वाळलाय. जबरदस्तीने घरी आणला. तेव्हापासून आमच्याकडेच आहे पण असण्यासारखा नाही. हॉलमध्ये झोप म्हटलं तर पॅसेजमध्ये चप्पल स्टँडजवळ झोपतो. आमची जेवणं झाली की उरलेलं घेतो, दुसरी चपाती वाढली की पोट भरलं म्हणतो. मध्ये ताप आला तर गोळी घेईना. मी स्वेटर आणला, तो लेबलसकट घडी घालून कपाटावर ठेवलाय. परवा चहाच्या डब्याखाली २०० रुपये सापडले, विचारलं तर म्हणतो, "ताई, माझ्यावर केलेलं काही लागत नाही, तुम्ही नका करू." एवढं तोंडावर आणि इतक्या शांतपणे बोलला की मला काही सुचलंच नाही.

घरी कळवलं तर इथूनही जाईन म्हणतो. तिकडे त्याची आई माझ्या आईला रोज फोन करते, ठाण्यात मिसिंगची तक्रार पण दिलीय. कळवू की नको? आणि ह्याला मदत करायची तरी कशी?

रानवारा:
ताई, आजच कळवा. काय राग यायचा तो येऊ दे. तिकडे ती माऊली पोरगा जिवंत आहे की नाही ह्या विचारात रात्र काढत असेल. माझ्या मामेभावाच्या वेळी आम्ही चार महिने हे भोगलंय, स्टँडवर कुणी पाठमोरा दिसला तरी मामी धावायची.

मीरा_का:
रानवारा, आईचं दुःख पटतंय, पण त्याला न सांगता कळवलं तर तो खरंच निघून जाईल आणि मग कुणालाच पत्ता लागणार नाही. मी समुपदेशनाच्या कामात आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ताई, सगळ्यात आधी त्याला एकटं गाठून सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" ह्याच शब्दांत. विचारल्याने डोक्यात भरतं असं नसतं, उलट कुणीतरी विचारलं म्हणून बरेचदा माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर कसं, कधी, काही ठरवलंय का तेही विचारा, एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. तो नाही बोलला तर तुम्ही स्वतः लावा, घरच्यांनी कसं वागायचं हेही सांगतात. १०९८ वर कुणी पाठवेल तर तो १८ च्या आतल्या मुलांसाठी आहे.

भूक गेलीय, स्वतःबद्दल असं बोलतोय, हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर डिप्रेशन असू शकतं, डॉक्टरांनी बघायला हवं. तुम्हाला जवळ पडेल पिंपरीचं वायसीएम हॉस्पिटल, नाहीतर पुण्याचं ससून, दोन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. गोळ्या दिल्या तर फरक दिसायला दोन ते चार आठवडे जातात, तोवर बंद करू देऊ नका.

मिसिंगचं असं आहे की तो सज्ञान आहे. ठाण्यात जाऊन मी माझ्या मर्जीने गेलो, सुखरूप आहे असा जबाब दिला की त्याला कुणी ओढून घरी नेऊ शकत नाही. हे त्याला सांगा, बहुतेक त्याला वाटतंय की कळलं की पोलीस पकडून नेतील. आणि आईला पत्ता न देता नुसतं "जेवतोय, बरा आहे" एवढं कळवायला त्याची परवानगी मागा. पूर्ण नाही तर एवढं तरी.

अजून एक, पुढे कधी गावी गेलाच तर फवारणीची औषधं कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

मुक्काम_पोस्ट:
मी १९ वर्षांचा असताना लातूरहून पळून मुंबईला आलेलो म्हणून लिहितो.

ताई ते २०० रुपये परत देऊ नका. प्लीज. तुम्ही प्रेमाने परत द्याल आणि त्याला वाटेल माझे पैसेसुद्धा चालत नाहीत. घ्या, आणि सांगा की गॅसच्या टाकीत टाकले. तुमच्या घरची चपाती त्याला उचल वाटतेय, मुकादमाची असते तशी, खाल्ली की अंगावर चढली. वडलांनी त्याच्यासाठी उचल घेतली आणि ती फेडायला आईवडील दोघं थंडीत उसाच्या फडावर राबणार हे त्याला दिसतंय आणि त्यात तुम्ही नवा स्वेटर आणलात, कसा घालेल तो? घरातला जुना द्या, ह्यांचा वापरलेला.

मला तेव्हा सगळे सांगायचे तू हुशार आहेस, तू करून दाखवशील, आणि मी अजून आत जायचो कारण उद्या परत नाही जमलं तर ह्या माणसाला पण फसवलं असं होणार. कामाला आली एक मेसवाली मावशी. काही विचारलं नाही, समोर मेथीची जुडी टाकली आणि म्हणाली निवड, मला उशीर झालाय. आठवड्याने पैसे दिले, मी नको म्हटलं तर म्हणाली, "तुझे आहेत, नको असतील तर माझ्याकडे ठेव, पण तुझे आहेत." मी ते दिवाळीला मागून घेतले. घरी फोन त्याच्यानंतर केला.

तर त्याला काम सांगा, खरं काम, जे नाही झालं तर तुमचं अडेल असं. मुलं असतील तर त्यांना ग्राउंडवर घेऊन जायला सांगा, १६०० मीटर पळायचं कसं हे त्याच्याएवढं तुमच्या घरात कुणाला येतंय?

मीरा_का:
बाकी सगळं पटलं पण ग्राउंडचं नको, निदान आत्ता नको. तीच जखम आहे. तो स्वतः बोलला तर वेगळं. आणि काम सांगताना डॉक्टर राहून जायला नको, मेथी निवडून डिप्रेशन जात नाही.

मुक्काम_पोस्ट:
बरोबर आहे, ग्राउंडचं मागे घेतो. डॉक्टरचं पण बरोबर, मला नंतर गोळ्या लागल्याच होत्या.

रानवारा:
ताई, त्याच्या वडलांशी पण कुणीतरी बोला, ह्याच्या परवानगीनेच. उसाला चल म्हणणारा बाप वाईट नसतो, त्याच्याकडे देण्यासारखं तेवढंच असतं. हे पोराला कुणीतरी बापाकडून सांगायला हवं.

सावली_भोसरी:
सगळ्यांचे खूप खूप आभार, मी हे ह्यांना पण वाचून दाखवलं.

काल ह्यांची सेकंड शिफ्ट होती तेव्हा विचारलं त्याला, मीरा ताईंनी सांगितलं तसं सरळ. खूप वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, स्टँडवर असताना यायचे विचार, आता मरायचं असं काही ठरवलेलं नाही पण जगून कुणाचं काय होणार आहे असं वाटतं. मी बोलले नाही काही, नुसती बसले. १४४१६ ला मीच फोन लावला, त्यांनी पण लवकर दाखवा असंच सांगितलं आणि आज रात्री कुणीतरी त्याच्याजवळ झोपा म्हणाले, तर हे आता पॅसेजमध्येच गादी टाकतात त्याच्या शेजारी.

२०० रुपये घेतले. पाणी सकाळी सहाला येतं आणि माझी पाठ धरलीय, तर पिंप भरायचं काम त्याच्याकडे दिलंय, ते मात्र बिनबोभाट करतो. आईला "बरा आहे, पत्ता विचारू नका" एवढं कळवायला कसाबसा हो म्हणाला, तेही वडलांना फोन देऊ नका ह्या अटीवर. काकू फोनवर नुसत्या रडल्या, पण पत्ता नाही विचारला.

दवाखान्यात यायला तयार नव्हता, पैसे जातील म्हणून. सरकारी आहे, केसपेपरचे थोडेच लागतात, ते तूच भर म्हटल्यावर बघू म्हणालाय. उद्याच नेणार आहे. वायसीएमला मानसोपचाराचा केसपेपर सकाळी किती वाजता सुरू होतो आणि सोबत आधार लागतं का? त्याचं आधार गावी राहिलंय.