मोरगाव–लोणी भापकर–वडगाव निंबाळकर: ५०-५५ किमीची ग्रॅव्हल फेरी कशी आखावी?

माळवाट_४०

पुण्याहून सायकली गाडीवर टाकून मोरगावला यायचं, तिथून फेरी मारून परत मोरगाव. घाट नको, चढउतार हलके हवेत, आणि निम्म्याहून जास्त अंतर कच्च्या वाटेचं हवं. मनातला मार्ग असा: मोरगाव – तरडोली – लोणी भापकर – वडगाव निंबाळकर, तिथून नीरा डाव्या कालव्याच्या कडेने सोमेश्वरनगरकडे, मग मुर्टीवरून मोरगाव. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा.

एक सायकल ग्रॅव्हल (कच्च्या वाटांसाठीची), ७००×४० टायर (४० मिमी रुंद), सध्या ट्यूबवर. पुढे एकच ४० दातांची चकती, मागे ११ ते ४२ दातांच्या. दुसरी २९ इंची एमटीबी (माउंटन बाइक). चालवणाऱ्यांची वजनं ७० आणि ८२ किलो. शंका तीन: कच्चे तुकडे नकाशावर कसे ओळखायचे, हवा किती ठेवायची, आणि कालव्याचा रस्ता सलग चालवण्याजोगा असतो का?

---

जिरायत

मार्ग बरोबर निवडलाय. कऱ्हा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधला उंचवटा तुम्ही दोनदा ओलांडताय, म्हणून चढ आहेत पण लांबट आणि सौम्य. पुढे ४०, मागे ४२ दातांचा गिअर पुरून उरेल. मात्र मोरगाव–लोणी भापकर डांबरी रस्ता म्हणजे बारामतीचा रस्ता, त्यावर गाड्या असतात. तो शक्य तितका टाळून शेजारच्या गाडीवाटा धरा.

त्या भागात कालवा हीच सीमारेषा समजा. कालव्याच्या वर जिरायत: माळ, मुरूम, बाजरी-ज्वारी, मेंढरं. खाली बागायत: काळी माती, ऊस, ट्रॅक्टर. ग्रॅव्हलची मजा वरच्या अंगाला आहे, तेव्हा किलोमीटर तिकडेच खर्च करा.

उपग्रह चित्रावर मुरमाची वाट तांबूस-पिवळी दिसते, काळ्या मातीची गडद. करडी-पांढरी आणि जरा जास्तच सरळ वाट दिसली तर सावध व्हा, ते खडीकरण असू शकतं. डांबर पडायच्या आधी खडी दाबून ठेवतात. वर्षभर डांबर आलं नाही तर ती सुटते, आणि मुठीएवढ्या धारदार दगडांवर ४० चं टायर बाजूने फाटतं. असा तुकडा दोन किलोमीटरपेक्षा लांब निघाला तर वळसा परवडतो.

काळ्या मातीचं गणित वेगळं. पाऊस पडून गेला असेल तर दोन दिवस कडक ऊन पडल्याशिवाय तिच्यात शिरू नये. चाक दहा फेरे फिरेपर्यंत चिखल टायर आणि फ्रेमच्या मध्ये ठासून बसतो, चाक फिरेनासं होतं. तरीही पायडल दाबत राहिलं की चिखल-काडी मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत) ओढली जाते आणि तो फ्रेमला धरून ठेवणारा हँगर मोडतो. चाक जड लागताच उतरा, सायकल उचला, काडीने चिखल काढा. मुरमाच्या वाटेवरून पाणी लवकर निचरतं, पावसानंतर दुसऱ्या दिवशी ती चालते. वाळलेली काळी माती वरवर बरी दिसते, पण ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात. पुढचं चाक चाकोरीत गेलं तर आडवं वळवून बाहेर काढू नका, तिथेच पडाल. चाकोरी उथळ होईपर्यंत तिच्यातूनच जा.

---

सराटा

हवेआधी काट्यांचं बघा. ट्यूबवर हा मार्ग करू नका, एवढंच ठाम सांगतो. पावसाळ्यानंतर वाटेच्या कडेला सराटे वाळलेले असतात. त्यांची रचनाच अशी की कसेही पडले तरी एक काटा वर राहतो. जोडीला बाभूळ, वेडी बाभूळ, बोर. बांधाला कुंपण म्हणून घातलेल्या बाभळीच्या फांद्या वाटेवर येऊन पडतात, त्यांचे काटे बोटभर लांब असतात.

ट्यूबलेस करून घ्या, म्हणजे आत ट्यूब नाही, टायरमध्येच हवा आणि भोक बुजवणारा द्रव, म्हणजे सीलंट. ७००×४० ला प्रत्येक चाकात ७० ते ८० मिली सीलंट, २९ च्या एमटीबीला १०० ते ११०. आपल्या उन्हात लॅटेक्सचं सीलंट दोन-तीन महिन्यांत आटतं. चाक कानाशी धरून हलवा, डचमळण्याचा आवाज आला नाही तर आत नुसती साय उरली आहे.

सराट्याचा काटा उपसून काढला, चाक फिरवून भोक खाली आणलं आणि अर्धा मिनिट थांबलं की बहुतेक वेळा बुजतं. बाभळीचा काटा मात्र प्लग (बाहेरून भोकात ठासायची चिकट पट्टी) हातात तयार ठेवल्याशिवाय उपटू नका. तो काटाच बूच म्हणून काम करत असतो.

नेहमीची चूक पुढची आहे. प्लग धरला नाही म्हणून घाईत ट्यूब टाकतात आणि शंभर मीटरवर ती बसते. महिनाभरात टायरमध्ये अडकलेले सगळे काटे आतून डोकावत असतात. सीलंटमुळे ते कळले नव्हते, ट्यूबला लगेच कळतात. ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून कापडाचा बोळा पूर्ण फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा, तो पकडीने काढा. बोटाने चाचपू नका.

हवा, ट्यूबलेस धरून: ७० किलोला ७००×४० मध्ये पुढे ३०, मागे ३३ पीएसआय. ८२ किलोचा गडी एमटीबीवर असेल तर २.२ इंची टायरात पुढे २२, मागे २५. खडी लागली की दोघांनीही ३-४ ने वाढवायची. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) नळकांड्यापेक्षा हातपंप न्या, त्या गॅसने काही लॅटेक्स सीलंटच्या गुठळ्या होतात. आणि प्रेस्टा (सायकलचा बारीक) व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर खिशात हवाच. गावातल्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याची नळी मोटरसायकलच्या व्हॉल्व्हची. हवा थोडी-थोडी भरायला सांगा, ४० च्या टायरात ती डोळ्याचं पातं लवेपर्यंत साठच्या वर जाते.

---

पाटकरी

कालव्याबद्दल. सेवारस्ता बहुधा उताराच्या बाजूच्या भरावावर असतो, चढ जवळपास शून्य, म्हणून नकाशावर मोह होतो. पण सलग मिळेल असं धरून चालू नका. ओढ्यापाशी, चारीच्या (कालव्यातून फुटणाऱ्या पाटाच्या) दाराशी, पुलांपाशी रस्ता तुटतो किंवा दुसऱ्या काठावर जातो. दर दोन-तीन किलोमीटरला डांबरी रस्त्यावर उतरायची वाट आधीच खुणावून ठेवा.

नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झालेला असतो. उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या याच रस्त्याने निघतात. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर भरावावर थांबू शकत नाही, तुम्हीच बाजूला व्हायचं, आणि तेही पाण्याच्या उलट बाजूला. त्यांच्या चाकांखाली मातीचं पीठ होऊन चार-पाच बोटं फुफाटा साचतो. फुफाट्यात पुढचा ब्रेक लावू नका, वजन मागे घ्या, पायडल एकसारखं फिरतं ठेवा.

कालव्याचा तुकडा सात-आठ किलोमीटरच ठेवा आणि करंजेपुलाच्या अलीकडेच उत्तरेला माळावर चढा. वरच्या अंगाला गाडी क्वचित भेटते.

---

जिरायत

हे पटलं. माझा उलट आग्रह एवढाच की फेरी तुम्ही लिहिली त्याच दिशेने करा. सकाळचं ऊन पहिल्या दहा किलोमीटरलाच तोंडावर येतं, कालव्यावर ते पाठीशी असतं.

---

गावनकाशा

नुसत्या उपग्रह चित्रावर विसंबू नका. तिकडच्या वनखात्याच्या गवताळ जमिनींत सलग समतल चर खोदलेले असतात, साधारण ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल. वरून ते अगदी पायवाटेसारखे दिसतात, आणि नोव्हेंबरात गवताने झाकलेले असतात. एकमेकांना समांतर चार-सहा रेषा दिसल्या तर ती वाट नव्हे. तिथे शिरायचंही नाही. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य फक्त ५.१४ चौरस किमी आहे आणि चिंकारांसाठी राखलेलं. जीपीएक्स (मार्गाची जीपीएस फाइल) आखताना त्या बाजूची सरळ रेघ ओढून जवळचा रस्ता साधू नका.

वाट सार्वजनिक आहे का, याची खात्री गावनकाशावरून (महसूल खात्याच्या गावाच्या नकाशावरून) होते. गाडीमार्ग तुटक दुबार रेषेने दाखवलेला असतो, पायमार्ग तुटक एकेरी रेषेने. दोन गावांच्या शिवेवरचा शिवरस्ता आणि पाणंद या सगळ्यात भरवशाच्या, कारण त्या कुणाच्या वावरात संपत नाहीत. अर्थात कागदावरची पाणंद जागेवर नांगरलेलीही असू शकते. चित्रावर वाट मध्येच गायब झाली तर तसंच समजा. पीक उभं असताना बांधावरून सायकल नेऊ नका, फाटक उघडलं तर लावून पुढे व्हा.

आखलेला ट्रॅक ओस्मअँड या नकाशाच्या अॅपमध्ये ऑफलाइन नकाशासह फोनवर घ्या, माळावर रेंज जाते-येते.

---

माळवाट_४०

ट्यूबलेस करून घेतो, खडीचा एक तुकडा वगळला. कालवा सात किलोमीटरवर आणला. दोन गोष्टी राहिल्या: मेंढपाळांची कुत्री, आणि पाणी?

---

पाटकरी

कळप दिसला की लांबूनच वेग कमी करा आणि धनगराला हाक मारा, तो कुत्र्याला आवरतो. कुत्रं तरीही आलं तर उतरा, सायकल दोघांच्या मध्ये धरून चालत पुढे जा. पळवलीत तर ते पाठ सोडत नाही.

पाणी प्रत्येकी दोन बाटल्या मोरगावातून, पुढे लोणी भापकर आणि वडगाव निंबाळकरला भरून घ्या. वडगावानंतर मुर्टीपर्यंत दुकानाचा भरवसा धरू नका. लोणी भापकरला मल्लिकार्जुनाच्या देवळापाशी जुनी पुष्करणी आहे, थांबायला जागा छान.

---

सराटा

मोजे गुळगुळीत आणि उंच घाला. कुसळं लोकरी मोज्यात घुसली की दर पाच किलोमीटरला थांबून वेचत बसाल. आणि चतुर्थी सोडून दिवस धरा, नाहीतर मोरगावात गाडी लावायलाच तास जाईल.