कृषी प्रदर्शनाचा मंडप चार दिवसांचाच, मग बांबूचा का नको?

बांधावरून: तालुक्याच्या प्रदर्शनाला यंदाही जर्मन हँगरच, म्हणजे धातूच्या सांगाड्यावर प्लास्टिकचं कापड ताणलेला तो मोठा तंबूच, ठरलाय म्हणे. गेल्या वर्षी दुपारी आत अशी भट्टी झाली होती की स्टॉलवर नोकरीची पोरं तेवढी उरली, बाकी जनता बाहेर निंबाखाली. बुरड आपल्याच तालुक्यात आहेत, तट्ट्या विणतात. त्यांच्याकडून मंडप घ्या. ‘चार दिवसांसाठी कशाला’ म्हणणाऱ्यांनी फैजपूर आठवावं. डिसेंबर १९३६, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस शांतिनिकेतनहून आले आणि बांबू, तट्ट्या असल्या गावच्याच सामानातून नगर सजवलं. मांडव उतरला, पण ते नगर अजून लोक सांगतात.

पऱ्हाटीवाला: भाऊ, कोन लोक सांगतेत? माह्या गावात तं कोनाले फैजपूर ठाऊक नाही. आमी प्रदर्शनात बियान्याचा भाव पुसाले जातो, मांडव पाहाले नाही. वावधान आलं तं तट्ट्या उडून मंडीत जातीन. अन् वायर तापून आग लागली तं?

नकाशेवाला: मी नागपुरात आर्किटेक्चर शिकतो आणि मला बांबूचा हा उमाळा पटत नाही. चार दिवसांच्या बांधकामानं जग बदलल्याचं खरं उदाहरण १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी बांधलेलं क्रिस्टल पॅलेस. जोसेफ पॅक्स्टननं बिडाचे खांब आणि एका मापाच्या काचा कारखान्यात करून घेतल्या, हाइड पार्कात नुसत्या जोडल्या. प्रदर्शन संपल्यावर सगळं उकलून सिडनहॅमला पुन्हा उभारलं. टिकली ती जोडायची रीत, आणि तुमचं हँगर त्याच घराण्यातलं. तुम्ही नातवाला शिव्या घालताय. (तो पॅलेस जळाला ३० नोव्हेंबर १९३६ ला, फैजपूरच्या महिनाभर आधी. योगायोगच.)

बांधावरून: रीत टिकते, कबूल. पण कोणाच्या हातात? हँगर ट्रकातून येतं, ट्रकातून जातं. आपली पोरं फक्त खुर्च्या उचलतात. बांबूत तसं नाही. आडव्याला नीट बसेल अशी उभ्याच्या टोकाला अर्धगोल खाच पाडायची, काथ्या भिजवून गच्च बांधायचा, वाळला की तो आणखी आवळतो. चार दिवस हाताखाली राबलेला पोरगा उद्या गोठा, रोपवाटिकेचं शेड बांधेल. शिवाय २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेर लावलेला बांबू कायद्यानं झाड राहिला नाही, म्हणजे स्वतःच्या वावरातला तोडायला आडकाठी नाही.

पऱ्हाटीवाला: गोठ्याचं नको सांगू राजा. माह्या गोठ्याचा बांबू भुंग्यानं असा पोखरला का खाली पिवळं पीठ पडे. आता लोखंडी अँगल अन् टिना. उन्हाळ्यात ढोरं तापतेत, पन छप्पर डोक्यावर नाही येत. बुरडाले रोजी भेटन हे खरं, तेवढ्यासाठी हो म्हनतो.

सेलूची सून: भुंगा लागतो तो उन्हाळ्यात तोडलेल्या, न मुरवलेल्या बांबूला. पाण्यात मुरवून वापरा म्हणून आमचे सासरे ओरडत असतात. आणि पक्कं तरी कुठं टिकतं? दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स १९७२ च्या व्यापार जत्रेसाठी वास्तुकार राज रेवाल आणि अभियंते महेंद्र राज यांनी उभारलं. पोलाद परवडेना म्हणून एवढा मोठा सांगाडा काँक्रीटमध्ये जागेवर ओतला. २०१७ च्या एप्रिलात एका रात्रीत पाडलं. माझं मागणं छोटं आहे: बचत गटांचे स्टॉल दरवर्षी हँगरच्या शेवटच्या टोकाला, बिनपंख्याचे. तेवढा भाग बांबूचा करून पाहा.

नकाशेवाला: म्हणजे पडलाच तर बायकांच्या अंगावर? आधी भार तपासून घ्या, मग मी पाठिंबा देतो. खांबांचं अंतर आणि वाऱ्याचा हिशोब मी करून देईन, फुकट.

बांधावरून: हिशोब द्याच. पण टेंडरात जीएसटी नंबर आणि मागल्या तीन वर्षांची उलाढाल मागतात. आमच्या बुरडाकडे कोयता आहे, उलाढालीचा कागद नाही. कोणाच्या नावावर भरायचं?

सेलूची सून: आमच्या गटाचं बँक खातं आहे. सोमवारी पंचायत समितीत विचारते.